निवृत्त सरांकडे पोलीस पडताळणी मागितली आणि ते यायचे बंद झाले. आमचं चुकलं का?

केवडा
नमस्कार मंडळी. धागा थोडा लांबलाय, पण बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून सगळंच लिहिते.

पुण्यात एका वस्तीत आम्ही काही जण मिळून सात वर्षं संध्याकाळची अभ्यासिका चालवतोय. पहिली ते दहावीची मिळून ४५ मुलं, आणि आठवड्यातून एकदोनदा येणारे १४ स्वयंसेवक, त्यात कॉलेजची पोरं आहेत, आयटीतले आहेत, दोन गृहिणी आहेत आणि एक निवृत्त सर. पगारी म्हणाल तर एकच ताई, तीही वस्तीतलीच. इतकी वर्षं कागद म्हणून काही नव्हताच. ओळखीतून माणसं येत गेली, मुलांना लळा लागला, राहिली.

यंदा एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकामाच्या निधीतून, मदत मिळायची शक्यता आहे आणि त्यांनी बाल संरक्षण धोरण मागितलं. मी आधी कुठलंतरी तयार धोरण नाव बदलून पाठवायच्या बेतात होते. वाचता वाचता एका प्रश्नाशी अडकले. तुमच्याकडच्या मुलाला तुमच्याच माणसाबद्दल काही सांगायचं असेल तर ते कुणाकडे जाईल? सात वर्षांत आम्ही हा विचारच केला नव्हता. त्या रात्री झोप लागली नाही.

मग बसून नियम केले. जुना असो नवा असो, प्रत्येकाने पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला आणायचा, दोन ओळखीच्या माणसांचे नंबर द्यायचे, दार लावून एकट्या मुलाला घेऊन बसायचं नाही, मुलांशी खासगी चॅटिंग नाही, फोटो स्वतःच्या अकाउंटवर टाकायचे नाहीत, कुणाला एकट्याला घरी न्यायचं नाही. बैठकीत वाचून दाखवलं तर सर उठलेच. "३९ वर्षं पोरं शिकवली, आता या वयात मी चोर नाही असा दाखला आणू?" एवढंच बोलले आणि गेले. दोन आठवडे आले नाहीत. नववीचं गणित अडलंय, मुलं रोज विचारतात सर कधी येणार.

सर माणूस म्हणून सोनं आहेत. मग त्यांना सूट द्यावी का? तुमच्याकडे हे कसं केलंत?

टपरीवरचा_चहा
ताई राग मानू नका पण हे परदेशी फॅड आहे. आधीच फुकट वेळ देणारी माणसं मिळत नाहीत, त्यात पोलीस स्टेशनच्या चकरा मारायला लावल्या तर उरलेलेही पळतील. माणूस ओळखायला नजर लागते.

वकीलकाकू
@टपरीवरचा_चहा, फॅड कसलं, कायदा आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो, २०१२ चा, आणि त्याचे २०२० चे नियम वाचा. जिथे मुलं राहतात किंवा जिथे मुलांचा नियमित संबंध येतो अशा कुठल्याही संस्थेने, मग ती शाळा असो, पाळणाघर असो, खेळाची अकादमी असो, कायम आणि कंत्राटी सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची, त्यांना प्रशिक्षण द्यायचं, आणि बाल संरक्षण धोरण स्वीकारायचं असं त्यात आहे. शब्द कर्मचाऱ्यांचा आहे हे खरं, पण समोरचा पगारी आहे की फुकट शिकवतोय याने मुलाला काय फरक पडतो?

आणि केवडा, दाखल्यापेक्षा मोठी गोष्ट तुझ्या यादीत राहिलीय. कलम १९. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होण्याची शक्यता वाटली तरी ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. ट्रस्टींची परवानगी वगैरे काही नाही. कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल लपवलं तर एक वर्षापर्यंत. उलट, सद्‌हेतूने कळवलं आणि पुढे सिद्ध झालं नाही तर कळवणाऱ्यावर काही बालंट येत नाही, तेही १९ मध्येच लिहिलंय. हे पानभर मोठ्या अक्षरात तुमच्या धोरणात पाहिजे.

निवांत_नाना
वाचतोय. चांगला विषय.

मास्तर_५८
मीही निवृत्त शिक्षक, म्हणून सरांची बाजू मांडतो. आमच्या पिढीला नोकरीत असताना कुणी असं विचारलं नाही. गावात शिक्षकाला मान होता, पोरं घरी यायची, सुट्टीत माझ्या घरी जेवून अभ्यास करायची, बायको त्यांना भाकरी वाढायची. आज माझे विद्यार्थी तहसीलदार झालेत आणि रस्त्यात वाकून नमस्कार करतात. त्या माणसाला तुम्ही बैठकीत चारचौघांत नियम वाचून दाखवलात, यात रीत चुकली असं माझं मत. आधी घरी जाऊन बोलायला हवं होतं.

केवडा
@मास्तर_५८, सर, हे मान्य. रीत चुकली. चुकून सगळ्यात शेवटी ते बसले होते आणि मी वाचताना त्यांच्याकडेच बघत होते असं नंतर एकीने सांगितलं. मला कळलंही नाही.

रानजाई
मी एरवी लिहीत नाही, फक्त वाचते.

मी पाचवी ते दहावी एका वसतिगृहात राहिले. संस्थेचं नाव, जिल्हा काही सांगणार नाही. आमचे अधीक्षक सगळ्यांच्या गळ्यातले ताईत होते, मोठमोठे लोक आले की त्यांचं कौतुक करायचे, आणि खरोखर त्यांनी कितीतरी मुलींची फी भरली होती. रात्रीच्या फेरीला ते कुणाच्या खोलीत थांबतात हे आम्हा सगळ्या मुलींना माहीत होतं. मोठ्या मुली लहान मुलींना भिंतीकडे झोपवायच्या. पांघरूण कसं गुंडाळून घ्यायचं हे आम्ही एकमेकींना शिकवलं होतं. आम्ही दहा-अकरा वर्षांच्या होतो आणि आमचे आमचे नियम होते. मोठ्यांचे नव्हते.

सांगणार कुणाला? स्वयंपाकाच्या मावशी त्यांच्याच मेहुणीच्या नात्यातल्या. ट्रस्टी वर्षातून एकदा यायचे तेव्हा आम्ही स्वागतगीत म्हणायचो. घरी सांगितलं असतं तर शाळा सुटली असती, आणि शाळा सुटली की लग्न. हे प्रत्येकीला माहीत होतं.

केवडाताई, तुमचे सर चांगलेच असतील. पण सूट देऊ नका. आमच्याकडेही त्यांना सूटच होती.

दगडफूल
रानजाई, तू लिहिलंस. फार मोलाचं आहे. जपून राहा.

वकीलकाकू
रानजाई, बाळा, वाचून सुन्न झाले. तुला कधी बोलावंसं वाटलं तर मला वैयक्तिक निरोप कर, वकील म्हणून नको, काकू म्हणून. इतरांनी तिला काही तपशील विचारू नयेत ही विनंती.

टपरीवरचा_चहा
रानजाई, माझ्या वरच्या प्रतिसादाची लाज वाटली. नजरेची भाषा केली होती मी. तुमच्याकडे येणाऱ्या मोठमोठ्या लोकांनाही नजर होतीच की.

दगडफूल
नजरेवरून आठवलं. केंद्राच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ साली मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता, १३ राज्यांतली १२,४४७ मुलं. निम्म्याहून जास्त मुलांनी लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार सोसल्याचं सांगितलं, आणि छळ करणाऱ्यांतले साधारण निम्मे ओळखीचे किंवा ज्यांच्यावर मुलाने विश्वास ठेवावा अशा जागेवरचे होते. म्हणजे अनोळखी माणसापासून सावध राहा हे आपण मुलांना शिकवतो ते अर्धंच.

मी २२ वर्षं संस्थांमध्ये काम केलंय. मदत देणाऱ्याच्या हातात केवढी सत्ता असते हे आपल्याला आतून कळत नाही. वही, बूट, शिबिराला नंबर लागणं, फी माफ होणं. २००२ साली पश्चिम आफ्रिकेतल्या निर्वासित छावण्यांचा अहवाल आला होता, गिनी, लायबेरिया, सिएरा लिओन. मदत वाटणारी माणसंच बिस्किटं, साबण, ताडपत्रीच्या बदल्यात मुलींचा गैरफायदा घेत होती. त्यानंतर २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी आपल्या लोकांसाठी नियम काढला: १८ वर्षांखालच्या कुणाशीही लैंगिक संबंध नाही, त्या देशात संमतीचं वय काहीही असो, आणि वय चुकीचं वाटलं ही सबब चालणार नाही. आज बहुतेक मोठ्या मदत संस्थांच्या आचारसंहितेत हेच वाक्य थोड्या फरकाने असतं. ते कुणा साहेबाच्या सुपीक डोक्यातून आलेलं नाही, त्या छावण्यांतल्या मुलींनी तोंड उघडलं म्हणून आलंय.

फणसगर
गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे वयाने मोठ्या माणसांना फ्रेडी पीट्सचं नाव सांगायला लागत नाही. मडगावात अनाथ मुलांसाठी घर चालवायचा, लोक दान द्यायचे, समाजसेवक म्हणून मान होता. १९९१ मध्ये पकडला तेव्हा मुलांचे फोटो सापडले, आणि परदेशातून माणसं येत होती हे उघड झालं. १९९६ मध्ये जन्मठेप झाली. पुढे २००३ मध्ये गोव्याने मुलांसाठी स्वतःचा वेगळा कायदा केला, पोक्सोच्या कितीतरी आधी. त्यात हॉटेलच्या खोलीत मूल कुणाबरोबर राहू शकतं यावरसुद्धा बंधनं आहेत. आमच्या घरी आई अजून म्हणते, त्या घराला आपणही कपडे दिलेले.

कुलाबा_कट्टा
@फणसगर, मुंबईतही तेच. कुलाब्याचं अँकरेज. एका ब्रिटिश माणसाने रस्त्यावरच्या मुलांसाठी निवारा काढला होता, आणि त्याचा एक ब्रिटिश साथीदार तिथे यायचा. दोघांवर मुलांच्या लैंगिक छळाचा खटला. २००६ मध्ये सत्र न्यायालयात शिक्षा, २००८ मध्ये उच्च न्यायालयातून सुटले, आणि शेवटी १८ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा परत कायम केली. त्या मुलांनी किती वेळा तेच तेच सांगितलं असेल. आणि मुलं कोण, तर फूटपाथवरची, ज्यांच्या शब्दाला एरवी कुणी किंमत देत नाही.

सांगलीकर_महेश
थोडं वेगळं लिहितो पण विषयाला धरूनच. २०१९ च्या पुरात मी सांगलीत निवारा केंद्रात होतो, शाळेच्या वर्गांमध्ये लोक ठेवलेले. राज्यभरातून मदतीचे टेम्पो येत होते, लोकांची माया बघून डोळे भरून यायचे, ते कधी विसरणार नाही. पण केंद्रात कोणीही यायचं. गळ्यात ओळखपत्र नाही, कुठली संस्था माहीत नाही. एकाने लहान मुलीला बिस्किटाचा पुडा हातात देऊन तीनदा परत घेतला आणि परत दिला, कारण फोटो नीट येत नव्हता. ती मुलगी फ्रॉकवर कुडकुडत उभी. मी काही बोललो नाही कारण त्यांनी शंभर चादरी आणलेल्या. अजून मनाला लागतं ते.

दुसऱ्या दिवशी आमच्या तालमीतल्या पोरांनी दारात टेबल टाकलं आणि वही ठेवली. नाव, गाव, फोन, गाडी नंबर, कशासाठी आलात. मुलांच्या आणि बायकांच्या वर्गात बाहेरच्या पुरुषांनी जायचं नाही, सामान टेबलावर द्यायचं. कुणी शिकवलं नव्हतं आम्हाला. दोन जण चिडून सामान घेऊन परत गेले, जाऊ दिले.

मोगरा
महेशदादा, वही ठेवली हे फार छान केलंत.

फोटोंवरून, अनाथाश्रमात वाढदिवस साजरा करणाऱ्यांबद्दल काय मत आहे? आमच्या सोसायटीत ही पद्धतच झालीय. केक नेतात, मुलांना मांडीवर घेतात, स्टेटस टाकतात. मी एका बालगृहात चित्रकला शिकवायला जाते, तिथला एक सात वर्षांचा पिल्लू मला म्हणाला, "ताई आज रविवार म्हणजे केक तीन वेळा, पण मला भजी पाहिजे होती."

धडपड्या
भज्यांचा ठराव एकमताने मंजूर. :)

कुलाबा_कट्टा
अनुमोदन, सोबत चटणी.

वकीलकाकू
भजी खाऊ घाला पण फोटो काढू नका. बालगृहातल्या, म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड होईल असं काही छापायला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे. तोंडावर इमोजी लावला आणि मागे बालगृहाची पाटी दिसतेय, तरी ओळख उघड होतेच. बालगृहांनीच पाहुण्यांना दारात हे सांगायला हवं, पण देणगी देणाऱ्याला नाही म्हणायचं धैर्य कुणी करत नाही.

मेलबर्नकर
इथला अनुभव. आमच्या मराठी शाळेत रविवारी शिकवायला मुलांबरोबर काम करण्याचं कार्ड लागतं. आमच्या व्हिक्टोरिया राज्यात स्वयंसेवकांना ते फुकट मिळतं, पाच वर्षं चालतं, आणि मधल्या काळात गंभीर गुन्हा नोंदला गेला तर रद्द होऊ शकतं. आमच्याकडे सत्तरीचे एक आजोबा पेटी शिकवतात. पहिल्यांदा फॉर्म दिला तेव्हा तेही रागावले होते. आता खिशातून कार्ड काढून नातवंडांना दाखवतात.

इथे हे सहज झालं नाही. २०१३ ते २०१७ रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, चाललं, चर्च, शाळा, अनाथालयं, क्लब, सगळ्यांची दशकानुदशकांची प्रकरणं बाहेर आली. वाचताना सारखं एकच दिसतं, संस्थेने आधी आपलं नाव वाचवलं. माणसाला गुपचूप दुसऱ्या ठिकाणी बदली दिली.

दगडफूल
मेलबर्नकर, बदलीचं बोललात ते आपल्याकडे राजीनाम्याने होतं. एका संस्थेत मी होतो तेव्हा एका कार्यकर्त्याबद्दल मुलांनी सांगितलं, त्याला बोलावलं, राजीनामा घेतला, वर "उत्तम काम केले" असं पत्रही दिलं. सहा महिन्यांनी तो दुसऱ्या जिल्ह्यात मुलांच्याच प्रकल्पावर. मी तेव्हा ज्युनियर होतो, गप्प बसलो. ते पत्र टाइप मीच केलं होतं.

म्हणून केवडा, दाखल्यावर विसंबू नका. पोलिसांच्या दाखल्यात ज्याच्यावर गुन्हा नोंद झालाय तोच सापडणार. बहुतेकांवर कधी गुन्हाच नोंदलेला नसतो. आधीच्या संस्थेला फोन करा, आणि माणूस कसा आहे असं मोघम विचारू नका. थेट विचारा, मुलांबरोबर काम करायला याला परत घ्याल का? समोरचा दोन सेकंद थांबला तर ते थांबणंही ऐका. आंतरराष्ट्रीय संस्थांनी २०१९ पासून अशी एक योजनाच सुरू केलीय, नवा माणूस घेताना आधीच्या मालकाला लैंगिक गैरवर्तनाबद्दल ठरावीक प्रश्न लेखी विचारतात. त्याला कारण घडलं होतं. हैतीत २०१० च्या भूकंपानंतर ऑक्सफॅम या मदत संस्थेच्या लोकांनी पैसे देऊन शरीरसंबंध ठेवल्याचं २०१८ मध्ये पेपरात आलं, आणि त्यातली माणसं मधल्या काळात दुसरीकडे मदतकार्यातच नोकरीला लागलेली निघाली.

अक्षय_ट्रेकर
माझ्या ओळखीच्या एका संस्थेत मागच्या वर्षी असाच प्रकार झाला होता, ██████ गावातली ██████ संस्था, सातवीतली मुलगी, तिचे वडील ██████

अ‍ॅडमिन
वरच्या प्रतिसादातली संस्था, गाव आणि पालकांबद्दलचा तपशील काढला आहे. त्यावरून मुलीची ओळख पटते. अक्षय, हेतू चांगला होता हे माहीत आहे. प्रकरण अजून पोलिसांकडे गेलं नसेल तर कृपया चाइल्डलाइनच्या १०९८ वर आजच कळवा, इथे लिहिण्याआधी ते व्हायला हवं.

अक्षय_ट्रेकर
सॉरी, लक्षातच आलं नाही. गेलंय पोलिसांकडे, केस चालू आहे.

वकीलकाकू
अ‍ॅडमिन, आभार. आणि अक्षयमुळे सांगते. बरेच जण म्हणतात की आधी आम्ही आतल्या आत चौकशी करतो, खरं असेल तर पोलिसांकडे जातो. हे करू नका. मुलाला चार वेळा तेच विचारून त्याचा जबाब बिघडतो, आणि आरोपीला सावध व्हायला वेळ मिळतो. मुलाने सांगितलं की ऐकायचं, "तू सांगितलंस ते बरं केलंस" म्हणायचं, कुणाला सांगणार नाही असं वचन द्यायचं नाही, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं, आणि कळवायचं. पुढची चौकशी पोलिसांची. पोक्सोत मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हवं तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा आहे. प्रत्यक्षात सगळीकडे होतं असं नाही, म्हणून कुणीतरी जाणतं सोबत लागतं.

चंद्रपूर जिल्ह्यातलं आदिवासी मुलींच्या वसतिगृहाचं प्रकरण आठवतं? मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी कळवलं नाही असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला होता, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं म्हटलं. बदलापूरलाही २०२४ मध्ये शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर न कळवल्याबद्दल गुन्हा नोंदवला गेला.

मास्तर_५८
वाचत होतो. मला एक प्रामाणिकपणे विचारायचंय. पोर रडत आलं तर पोटाशी धरायचं नाही का? आठवीतली मुलगी परीक्षेत पहिली आली आणि आनंदाने येऊन बिलगली तर मी मागे सरकायचं? असा शिक्षक मला व्हायचं नाही.

धडपड्या
मास्तर, याच प्रश्नावर आमच्या शिबिरात दोन तास चर्चा झाली होती. आम्ही दरवर्षी वस्तीतल्या मुलांना चार दिवस डोंगरात नेतो. शेवटी ठरलं ते असं. मूल जवळ आलं तर त्याला झिडकारायचं नाही. स्पर्शाची गरज मुलाची असावी, आपली नसावी, आणि सगळ्यांसमोर असावा. रडणाऱ्याच्या पाठीवर हात, चालेल. गुदगुल्या, मांडीवर ओढून घेणं, गालगुच्चे, मूल नको म्हणत असताना पापी, अजिबात नाही. मोठ्यांना वाटतं त्यात काय एवढं, पण मूल नको म्हणतं आणि आपण हसतो, तेव्हा त्याला कळतं की आपल्या नको म्हणण्याला अर्थ नाही.

बाकी आमचे नियम: रात्री मोठ्यांनी मुलांच्या तंबूत झोपायचं नाही. कुठेही जायचं तर दोन मोठे किंवा दोन मुलं सोबत. अंघोळीच्या जागेचं दार म्हणजे जुनी साडी चालेल पण आतून अडकवता आलं पाहिजे. जखम झाली तर पट्टी सगळ्यांसमोर. फोन संस्थेचा एकच, त्यावरूनच पालकांच्या ग्रुपवर निरोप. एका कॉलेजच्या पोराने दहावीतल्या मुलीला रात्री ११ ला "झोपलीस का" असा मेसेज केला होता, हेतू काय होता देव जाणे, तोही बिचारा १९ वर्षांचा. त्याला बाजूला घेऊन सांगितलं, लेखी नोंद केली, तिच्या आईला कळवलं, आणि त्याला मुलांच्या कामावरून काढून सामानाच्या कामावर लावलं.

मोगरा
@धडपड्या, १९ आणि १७ असतील आणि खरंच प्रेम असेल तर? विचारतेय कारण आमच्याकडे कॉलेजचे स्वयंसेवक बरेच.

वकीलकाकू
कायद्याला १८ खालची संमती मान्यच नाही, प्रेम असलं तरी. आणि कायदा बाजूला ठेव. तो तिची वही तपासतो, शिबिराला कोण जाणार ते ठरवतो. ती नाही कशी म्हणणार? हे आचारसंहितेत स्पष्ट लिहा आणि पहिल्याच दिवशी हसतखेळत पण नीट सांगा. पोरांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मास्तर_५८
धडपड्या, "गरज मुलाची असावी" हे पटलं. पण माझ्या घरी जेवायला येणाऱ्या पोरांबद्दल विचार करतोय. आमच्या घरी सगळे असायचे, दार उघडं असायचं, शेजारीपाजारी यायचे. तो तुमचा दोन मोठ्यांचा नियम आम्ही न लिहिता पाळतच होतो म्हणा. आता वन रूम किचनमध्ये एखादे सर एकटे राहतात आणि दार लावलेलं असतं.

रानजाई
मास्तर, तुमच्या घरी मला जेवायला आवडलं असतं.

केवडा
आठवड्याने आले, माफ करा. सगळं वाचलं, दोनदा वाचलं. रानजाई, तुमचा प्रतिसाद आमच्या बैठकीत वाचून दाखवला, नाव न सांगता. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग काय काय केलं ते सांगते. धोरणाचा कागद मराठीत, तीन पानांचा, नव्याने लिहिला. मुलांनाही विचारलं की तुम्हाला मोठ्यांनी काय करू नये असं वाटतं. आम्हाला वाटलं मारणं वगैरे लिहितील, तेही लिहिलं, पण सगळ्यात जास्त चिठ्ठ्या होत्या "आईबद्दल सगळ्यांसमोर विचारू नका" आणि "फोटो काढताना हसायला सांगू नका". हे कुठल्याच तयार धोरणात नव्हतं. दोन्ही घातलं. तक्रारपेटी नको म्हणाली मुलं, पेटीजवळ गेलं की सगळ्यांना कळतं. प्रत्येकाने आपापली दोन माणसं निवडलीत ज्यांना सांगता येईल, त्यातलं एक आमच्या संस्थेबाहेरचं. बरीच मुलं वस्तीतल्या अंगणवाडीच्या ताईंकडे वळली. १०९८ फळ्याच्या वर रंगवला. आणि दोन्ही खोल्यांच्या दारांना काचेची पट्टी बसवली, सुताराने पैसे घेतले नाहीत, त्याची मुलगी आमच्याकडे सहावीत आहे.

पडताळणीचे अर्ज सगळ्यात आधी आम्ही चार विश्वस्तांनी भरले. पावत्या घेऊन मी सरांच्या घरी गेले. मास्तर, तुमचं ऐकलं. सरांनी चहा केला. मी म्हटलं सर, माझी पण पडताळणी झाली, मला पण पोलिसांनी विचारलं कुठे राहता, काय करता. त्यांनी पावती हातात घेऊन चष्मा लावून पूर्ण वाचली. मग बराच वेळ वेगळंच बोलत राहिले, ते शाळेत होते तेव्हाच्या एका सहकाऱ्याबद्दल. सगळ्या स्टाफरूमला माहीत होतं म्हणाले. कुणी काही बोललं नाही, मीही नाही. एवढं बोलून उठले आणि कप विसळायला गेले.

परवा आले. फॉर्म भरून आणला होता, अक्षर आपलं तेच, मोत्यासारखं. गणिताचा तास आता ओसरीत घेतात.

टपरीवरचा_चहा
ताई, तो तीन पानांचा कागद मिळेल का? आमच्या मंडळाची गणपतीत मुलांची नाटुकली असते, दीड महिना तालमी चालतात रात्री. तिथे कोण येतं कोण जातं आम्ही कधी बघितलंच नाही.

केवडा
पाठवते. संस्थेचं नाव काढून सगळ्यांसाठीच इथे चिकटवते रविवारी.

सांगलीकर_महेश
मलाही. आणि एक शंका, तुमच्याकडे मुलांना सोडायला-आणायला रिक्षा आहे का? आमच्याकडे एक रिक्षाकाका आहेत, ते ना कर्मचारी ना स्वयंसेवक, महिन्याचे पैसे घेतात. शेवटचं मूल उतरेपर्यंत ते एकटेच असतात गाडीत. त्यांचं काय करायचं?

वकीलकाकू
त्यांचाही फॉर्म भरून घ्या. आणि उतरवायचा क्रम असा लावा की शेवटी एक मूल उरणार नाही, दोन उरतील.